चोवीस तारांचा जोड

लेकीनं किल्ली फिरवली. ‘टक्’ झालं, फ्यूज उडाला आणि म्हाताऱ्या गाडीतलं तरणंताठं इंजिन ढिम्म हललं नाही.

बाबांनी हातातली पक्कड टेबलावर ठेवली. “झालं समाधान? म्हटलं होतं ना, हा शेवटचा प्रयत्न. उद्यापासून गॅरेज तू सांभाळ. मी घरी बसून तुझ्या आईला भाजी निवडून देतो.”

“आई चार दिवसांत परत पाठवेल तुम्हाला,” ती म्हणाली. पण तिला ठाऊक होतं, बाबा एकदा बोलले की बोलले. आणि बाबांशिवाय हे टेबल, ही सकाळपासूनची कुरकुर? तिला ते नकोच होतं.

काम दिसायला सोपं होतं. गाडी जुनी, इंजिन नवं. जुन्या वायरिंगचा प्लग नव्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला बसेना, म्हणून मधला जोड बनवायचा. एका टोकाला जुना प्लग, दुसऱ्याला नवा, मध्ये चोवीस तारा. जुनं टोक बाबांचं, नवं तिचं. दोघांनी आपापल्या तारांना नंबराच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि मग नंबराला नंबर जोडायचा.

गेल्या आठवड्यात पहिला जोड फसला तो मोजण्यावरून. बाबा आयुष्यभर पिना मोजत आले प्लगच्या मागून, तारांच्या बाजूनं. ती शिकली प्लगच्या तोंडाकडून, वायरिंगच्या नकाशात दाखवतात तशी. समोरून जे डावं, ते मागून उजवं. एकाचा पहिला नंबर म्हणजे दुसऱ्याचा शेवटचा! त्यावरून अशी जुंपली की दोन दिवस दोघांनी डबेसुद्धा वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडले. तिसऱ्या दिवशी बाबांनी ‘एकदाच, शेवटचं’ म्हणत पुन्हा पक्कड उचलली, आणि दोघं पाठीला पाठ लावून मुकाट्यानं कामाला लागले.

आता तिनं जोड सोडवून घेतला. बाबांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता तिचा हात थांबला.

“बाबा, तुम्ही तोंडाकडून मोजलंत?”

“मग? तुझा नकाशा तसाच आहे ना.” बाबा भिंतीकडे बघत पुटपुटले. “म्हटलं, एवढं शेवटचं तरी पोरीच्या मनासारखं करावं. चुकलं कुठे ते सांग.”

तिला हसूही आलं आणि रडूही.

“मी मागून मोजलं. सगळ्या चोवीस. तुमच्यासारखं केलं तर तुम्ही गॅरेजमध्येच थांबाल, असं वाटलं मला.”

बाबांनी आधी तिच्या टोकाच्या चिठ्ठ्या उलटून बघितल्या. मग असे हसले की त्यांना ठसका लागला. स्टूल ओढून ते टेबलाशी बसले आणि तिच्या हातातला प्लग काढून घेतला.

“पुढच्या वेळेपासून,” ते म्हणाले, “शहाणपणा दोघांतल्या एकानंच करायचा.”