खडूचे बाण

आमच्या ट्रेकिंग गटाचा नियम साधा: चढताना वाटेवर खडूने बाण काढायचे, उतरताना शेवटच्या माणसाने ते पुसायचे. शेवटचा माणूस नेहमी मीच. आज पहिल्यांदाच सोबत आलेली धाकटी बहीण फाट्यावर अडून बसली. "दादा, पलीकडच्या सोंडेवरून काय देखावा दिसतो! मी तिकडून येते, वर भेटू." शिखरावर आम्ही दोन तास वाट पाहिली. तिचा फोन लागेना. "कंटाळून परत गेली असेल," लीडर म्हणाला. मलाही पटलं, सगळं अर्ध्यावर सोडायची तिला खोडच. उतरताना ओल्या फडक्याने बाण पुसत आलो, एकही न चुकवता. पायथ्याशी तिची स्कूटर जागच्या जागी उभी होती. शिखर ढगात बुडालेलं. तेवढ्यात तिचा मेसेज आला: "पोचले एकदाची! ढग दाटलेत, पण काळजी नको. तुझे बाण बघत उतरते." फोन पुन्हा लागेना. माझ्या मुठीतल्या फडक्यातून पांढरं पाणी ठिबकत होतं.