न झिजलेले दाणे

हिऱ्याची खाण शोधणारे आधी हिरा शोधत नाहीत. ते त्याच्या सोबतीचे लाल दाणे शोधतात. दाणा ओढ्यातून जितका लांब वाहत येईल तितका झिजतो. कडा धारदार असल्या की समजायचं, खाण जवळ आहे.

दादा ओढ्यातली वाळू आणायचा आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली दाणे वेचायचो. ताटल्या स्वच्छ आहेत ना, हे पडताळायला रोज एक पिशवी साध्या वाळूची असे. तीत लाल दाणा निघताच कामा नये.

सोमवारी तिच्यात तीन निघाले. मंगळवारी सात, आणि कडा आणखी धारदार.

कुठंतरी पाणी मुरत होतं. "दादा, दाणे तू मिसळतोस?" मी तोंडावर विचारलं.

दादा भडकला. "सख्ख्या भावावर संशय? दोघांची नोकरी जाईल, कळतंय का?" त्यानं खिसे उलटे केले, बूट झटकले. काहीच पडलं नाही. मग त्यानं साध्या वाळूची सीलबंद पिशवी माझ्यासमोर फोडली आणि चमचाभर वाळू ताटलीत पसरली.

मी कण न् कण पाहिला. एकही लाल दाणा नव्हता. हायसं वाटून मी डोळे चोळले.

ताटलीत टक् असा आवाज झाला.

वाळूच्या मधोमध एक लाल दाणा पडला होता. त्याच्यावरची काळी सालसुद्धा शाबूत होती. ती साल खाणीपासून दहा पावलांतच निघून जाते.

दादा ताटलीकडे बघतच नव्हता. तो माझ्या डोळ्याकडे बघत होता.

"हलू नकोस," तो हळूच म्हणाला. "अजून एक येतोय."