सिसोच्या हातचा काप

"प्यायलेलाच होता तो," पत्ते पिसता पिसता शेजारचा प्रोकोपिओ म्हणाला. "अंगाला माडीचा केवढा वास मारत होता!"

म्हातारा तेओपिस्तो चार हातांवरच बसला होता. आतल्या खोलीत त्याच्या मुलाची, सिसोची शवपेटी होती. माडी काढणारा सिसो काल संध्याकाळी माडावरून पडला होता. मयताच्या घरी जागायचं, पत्ते खेळायचे, कॉफी प्यायची, ही लेते बेटावरची रीतच. त्याला म्हाताऱ्याची ना नव्हती. पण लोकांच्या जिभेला आवर घालील अशी रीत काही अजून निघाली नाही.

"पाठीला बांधलेली बांबूची नळी फुटली त्याच्या," तेओपिस्तो म्हणाला. "गोळा केलेली सगळी माडी अंगावर सांडली. वास नाही येणार तर काय?"

"असेल, मानोय, असेल," थोरल्या भावाला म्हणावं तसं प्रोकोपिओ म्हणाला. "पण शेंड्यावर बसून दोन घोट कोण मारत नाही? मी मारतो."

"म्हणूनच तुझे माड आटलेत."

दोघं-तिघं हसले. दारात किटली घेऊन सिसोची बायको क्रिसांता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

थोरलं पोर झालं तेव्हा सिसोने तिला शब्द दिला होता: वर चढलो की थेंबसुद्धा तोंडाला लावणार नाही. कालपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका म्हणत होत्या, धक्का बसलाय बिचारीला. कसला धक्का! राग होता तो. नवऱ्याने शब्द मोडला आणि दोन घोटांपायी दोन लेकरं उघड्यावर टाकली, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. पेटीजवळसुद्धा ती फिरकली नव्हती. उद्या पुरायला नेतील, आणि ही त्याचं तोंडही न बघता अशीच उभी राहील, याचं म्हाताऱ्याला मुलाच्या मरणाइतकंच दुःख होत होतं.

तो उठला. भिंतीवरची आपली जुनी कोयती त्याने काढली आणि कमरेला बांधली.

"कुठं निघालात, तातय?" क्रिसांताने सासऱ्याला विचारलं.

"झाडावर."

"गुडघे बघा आधी तुमचे! आणि मयताच्या घरचं माणूस कामाला हात लावतं का?"

"कामाला नाही जात. बघायला जातोय."

माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, सकाळ-संध्याकाळ थोडीथोडी कापावी लागते; त्या कापातूनच माडी ठिबकते. कापणं चुकलं की ती सुकायला लागते. म्हणून सिसोचे माड सकाळीच शेजाऱ्यांनी आपापसांत वाटून घेतले होते. फक्त त्या एका माडाला कुणी शिवलं नव्हतं. ज्याने माणूस पाडला त्याच्यावर कोण चढणार?

बुंध्यातल्या खाचा तेओपिस्तोनेच पाडलेल्या, पंचवीस वर्षांपूर्वी. तेव्हा तो वानरासारखा सरसर चढायचा. आता पाचव्या खाचेवरच गुडघे बोलायला लागले. पत्ते टाकून मंडळी बाहेर धावली.

"अहो मानोय, उतरा!" प्रोकोपिओ खालून ओरडला. "तुमच्या त्या खोलीत दोन पेट्या मावायच्या नाहीत!"

म्हाताऱ्याने खाली पाहिलं नाही. एक पाय, मग दुसरा, मग बुंध्याला मिठी मारून श्वास. असं करत करत तो झावळ्यांत शिरला.

पोयीला बांबूची नळी बांधलेली होती. काठोकाठ भरलेली. माश्या घोंगावत होत्या. त्याने गाठ चाचपली. दुहेरी, घट्ट, टोक आत खोचलेलं, त्यानेच शिकवलेली. मग नळी सोडवून त्याने पोयीचा काप पाहिला, पडण्याआधी सिसोने केलेला शेवटचा, आणि त्याला भडभडून आलं. सरळ, गुळगुळीत काप. कुठे चेंगरलेला नाही की फाटलेला नाही. प्यायलेला हात पोय चेचतो, आणि चेचलेली पोय रात्रीतून नळी भरत नाही. चाळीस वर्षं हेच केलेल्या माणसाला यापुढे कुणाची साक्ष नको होती.

त्याने पोयीचं बोटभर टोक कापलं आणि खिशात टाकलं. मग पायाने खाच शोधत, थांबत थांबत तो उतरला.

क्रिसांता बुंध्याशीच उभी होती, किटली अजून हातातच. त्याने ते टोक तिच्या तळव्यावर ठेवलं.

ती माडी काढणाऱ्याचीच लेक. तिने ते उजेडात धरलं, कापावरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"प्यायले नव्हते," ती म्हणाली.

"नव्हता."

प्रोकोपिओने वाकून पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून तो मागे सरकला.

"मग पडले कसे?" क्रिसांताने विचारलं.

तेओपिस्तो बुंध्याला टेकून खाली बसला. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, दोन्ही हातांनी त्या दाबून धरूनही थांबत नव्हत्या.

"चौतिसावं झाड होतं गं, पोरी. सकाळी चौतीस, संध्याकाळी परत चौतीस. दमला होता."

किटली तिच्या हातातून सुटली. मूठ छातीशी आवळून ती मटकन खाली बसली, आणि कालपासून अडलेलं रडू एकदम फुटलं.

"दमलोय असं मला एकदाही बोलले नाहीत हो, तातय."