काळोखाची जागा

सूनबाईने गाडीचे दिवे मालवले आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "आई, इथेही उजेड आहे."

होताच. समोर दगडाची खाण होती आणि तिच्या फाटकावर एक हॅलोजन ढणढणत होता. दोघींची ही चौथी जागा. टेकडीमागे नवा पेट्रोलपंप निघाला होता. तलावाकाठी हॉटेलवाल्याने झाडाझाडाला रंगीत दिवे गुंडाळले होते. तिसऱ्या जागी काळोख झकास होता, पण तिथल्या कुत्र्यांनी दोघींना गाडीतून पाय काही खाली टाकू दिला नाही.

"परत फिरायचं का?" सूनबाईने विचारलं. लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने तपासून तिचे डोळे चुरचुरत होते.

"उतर," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलंसुद्धा.

सासूबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. आकाशगंगेचा धडा आला की त्या खडू आडवा धरून फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा पट्टा ओढायच्या आणि त्यात तारे किती, ते कसे, सगळं घडाघडा सांगायच्या. गेल्या महिन्यात दवाखान्यात एक जुनी विद्यार्थिनी भेटली. "बाई, तो पट्टा तुम्ही स्वतः पाहिला होता ना?" तिने सहज विचारलं. "हो तर!" बाई म्हणाल्या आणि घरी येऊन जेवल्याच नाहीत. लहानपणी मुलींना रात्री गच्चीवर जाऊ देत नसत. मोठेपणी कुणाला विचारायची गरज उरली नाही, तोवर गावभर दिवे लागले होते. आता गुडघ्याचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलं होतं. "त्याच्या आत मला ते बघायचंय," त्यांनी सुनेला बजावलं होतं. "या वयात खोटं पचत नाही गं."

फाटकाशी बसलेला वॉचमन काठी घेऊन पुढे आला. पन्नाशीचा, अंगाने चांगला दणकट. "काय पाहिजे, आजी? रस्ता चुकलात का?"

"नाही. काळोख हवाय."

त्याने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने सगळं सांगितलं, बाईंच्या खोटेपणाचं तेवढं वगळून.

"पाच मिनिटं तो दिवा मालवाल?" सासूबाईंनी विचारलं.

"नोकरी जाईल माझी. कॅमेरा आहे वर." तो जरा घुटमळला. "पण खाली जुना खड्डा आहे. डंपरची वाट आहे तळापर्यंत. तिथे हा उजेड पोचत नाही. गावाचाही नाही."

सूनबाईने वाकून ती वाट पाहिली. खडीची, उताराची. "आई, तुमचा गुडघा..."

"तो काय, बदलायचाच आहे."

वॉचमन अजून जागचा हलला नव्हता. "मी काही खाली येत नाही हं. चार वर्षं आहे इथे, पण रात्रीचा कधी उतरलो नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला काळोखात भीती वाटते. हा दिवा मीच मालकाच्या मागे लागून बसवून घेतलाय."

सूनबाईला हसू फुटलं. सासूबाईंनी तिला डोळ्यांनीच दटावलं. "मग चला की आमच्याबरोबर. आम्ही दोघी आहोत ना सोबतीला."

एकीकडे सुनेचा खांदा, दुसरीकडे वॉचमनची काठी. पावलागणिक खडी सरकत होती. अर्ध्या वाटेवर गुडघ्यातून अशी कळ गेली की बाई मटकन खाली बसल्या. "बस झालं आता. वर जाऊ," सूनबाई म्हणाली. उरलेली वाट बाई बसूनच उतरल्या, दोन्ही हात टेकत, लहान मूल जिना उतरतं तशा. वॉचमन बॅटरीचा झोत पुढे धरून आपल्याशीच काहीतरी पुटपुटत होता. तळाशी पोचल्यावर बाई सपाट दगडावर आडव्या झाल्या.

"आता बॅटरी."

"राहू दे की, बाई." आजीच्या बाई कधी झाल्या, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"बंद करा."

त्याने बॅटरी बंद केली आणि अंदाजाने सूनबाईच्या ओढणीचं टोक धरलं. बराच वेळ नुसतं काळं दिसत होतं. मग चारी बाजूंच्या खडकाच्या कडा उमटल्या आणि त्यांच्या मधे, या कडेपासून त्या कडेपर्यंत, काहीतरी फिकट पसरलेलं दिसू लागलं.

"ढग आला बघा नेमका," वॉचमन हळहळला.

"ढग नाही तो," सूनबाई म्हणाली. पुढचं बाई सांगतील म्हणून ती थांबली. बाईंनी तोंड उघडलं, पण पस्तीस वर्षं पाठ असलेल्यांपैकी एक वाक्य येईल तर शपथ. सुनेने चाचपडत त्यांचा हात धरला. तो खडीने सोलवटला होता.

केव्हातरी ओढणीवरची पकड सैल झाली. वॉचमन मान वर करून उभा होता.

"हे रोज असतं?" त्याने विचारलं.

"रोज," बाई म्हणाल्या. "मलाही आजच कळलं."