ट्रेवरचं कापड

दातांच्या डॉक्टरांनी अवजारांचा ट्रे हिरव्या कापडाने झाकला, तशी खुर्चीतल्या सहा वर्षांच्या मुलीने तोंड गच्च मिटून घेतलं.

"घाबरू नकोस गं, यात काही नाहीये," डॉक्टर म्हणाल्या.

"काही नाही, तर मग झाकलंत कशाला?"

सोबत आलेल्या तिच्या मावशीने तिचा हात धरला. "डोळे मीट बघू राणी. मिटलेस की काही दिसणारच नाही."

"मी नाही मिटणार! झाकलं की मला ते आणखी मोठं दिसतं. आत्ता त्या कापडाखाली मला करवत दिसतेय."

डॉक्टरांनी कापड काढून बाजूला ठेवलं. करवत नव्हती. एक इवलासा आरसा होता, पक्कड होती आणि इंजेक्शन होतं. मुलीने एकेक वस्तू नीट निरखली.

"ही सुई दुखेल?"

"हो, थोडी दुखेल."

"मग असं सांगायचं ना!" म्हणत तिने मोठा आ केला.

सुई टोचली तेव्हा तिच्या गालांवरून पाणी ओघळलं, पण डोळे तिने उघडेच ठेवले. किडलेला दात निघाला.

जिना उतरताना मावशीला कौतुक आवरेना. "कमाल केलीस हं आज! बोल, काय हवं तुला?"

गालात कापूस धरलेली ती पोर पायरीवरच पाय रोवून उभी राहिली.

 

"आता आईचं खरं सांग. ती गावाला गेलेली नाहीये ना?"