हौसाबाईनं बंद केलेला नळ

इस्माईल प्लंबरनं अंगणातला नळ बदलला, मग जुन्या नळातला गंजका व्हॉल्व्ह काढून सुलभाताईंना दाखवला. “आतून झिजलाय. कितीही आवळला तरी पाणी थांबणार नाही. गेल्या वर्षीच साहेबांना सांगितलं होतं.”

त्यानंतरच हा नळ रात्रभर वाहून शेजाऱ्यांची भिंत पडली होती. “मी बंद केला होता, ताई,” हौसाबाई रडत सांगत होती. चौदा वर्षं घरात राबलेल्या त्या बाईला सुलभाताईंनी चारचौघांत बोल लावून कामावरून काढलं होतं. सुलभाताईंचे यजमान अच्युतराव तेव्हा बाजूलाच गप्प उभे होते.

“तुम्हाला ठाऊक होतं?” त्यांनी आत जाऊन अच्युतरावांना विचारलं.

“शेजाऱ्यांपुढं माझी शोभा झाली असती,” ते पेपर खाली न ठेवता म्हणाले.

सुलभाताईंनी चपला घातल्या. हौसाबाईचं घर कुठं आहे, हे त्यांना इस्माईललाच विचारावं लागलं.