काचेवरची वाफ

लालभडक स्पोर्ट बाइक दारात आली आणि वीस दिवस झाले तरी सौंदडच्या बुद्धभूषणचे पाय जमिनीला लागत नव्हते. सकाळी उठला की चेनला तेल, टाकीला पॉलिश आणि सगळ्यात शेवटी हेडलाइट. थंडीनं काचेवर वाफ धरलेली असायची. फडकं फिरवलं की जायची, आणि दिवा असा लखलखायचा की त्याला शीळच घालावीशी वाटायची.

एका सकाळी मनिराम मिस्त्री खास गाडी पाहायला आला.

"काऊन घासून राहिला गा? नव्या गाडीले होते असं. पण वाफ आतमंधी हाय. भायेरून पुसून कशी जाते?"

"जाते ना, काका! रोज जाते. पाहा तं!"

बुद्धभूषणनं ऐटीत फडकं फिरवलं. फडक्याखालची वाफ साफ झाली.

मिस्त्रीनं काचेवर बोट ओढलं. काच बाहेरून कोरडी ठणठणीत होती. त्याचं हसू मावळलं.

"हात थांबव."

बुद्धभूषणनं हात थांबवला.

आतलं पुसणं चालूच राहिलं. सावकाश, गोल गोल. बाहेर डोकावायला कुणी जागा करावी तसं.